आकिरा एन्दो: सहा हजार बुरश्या, नापास उंदीर आणि पास झालेल्या कोंबड्या

कवकवेडा

घरात साठीच्या आसपासची दोन माणसं असतील तर औषधांच्या डब्यात अटोर्व्हास्टॅटिन नाहीतर रोसुव्हास्टॅटिनची पट्टी हमखास सापडते. पेनिसिलिन म्हटलं की शाळकरी पोरगंही फ्लेमिंगचं नाव सांगतं. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या या ‘स्टॅटिन’ गोळ्यांचा मूळपुरुष कोण, हे मात्र फार कमी लोकांना माहीत असतं. ते आकिरा एन्दो. ५ जून २०२४ रोजी, नव्वद वर्षांचे होऊन गेले. तेव्हापासून लिहायचं मनात होतं.

जन्म १९३३चा, उत्तर जपानातल्या आकिता प्रांतात, शेतकरी घरात. तिकडे बर्फ भरपूर, डोंगर जवळ, आणि पावसाळ्यात आपल्याकडे अळंबी शोधतात तसं रानात मशरूम शोधणं हा घरोघरचा उद्योग. त्यात एक मशरूम असा की तो माश्यांना मारतो पण माणसाला काही करत नाही. शाळेत असताना एन्दोंनी तो उकळून पाहिला, पाण्याने माश्या मेल्या. म्हणजे विष पाण्यात उतरतं हे कळलं. त्याच सुमारास फ्लेमिंगचं चरित्र वाचनात आलं. पुढे सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात शेतकी शाखेत शिकून १९५७ साली ते टोकियोच्या सांक्यो या औषध कंपनीत लागले.

तिथलं पहिलं काम अगदी बिनग्लॅमरचं. फळांचा रस गढूळ राहतो तो पेक्टिनमुळे, तर पेक्टिन तोडणारं एन्झाइम देणारी बुरशी शोधा. दोनशेवर बुरश्या चाळून त्यांनी द्राक्षावर वाढणाऱ्या एका बुरशीत ते शोधलं आणि कंपनीने ते बाजारात आणलंही. माझ्या मते त्यांची सगळी पुढची कारकीर्द या रसाच्या कामात दडलेली आहे. बुरशी वाढवायची, तिचं पाणी गाळायचं, सोप्या चाचणीत टाकायचं, पुढची घ्यायची. हात बसला तो इथे.

१९६६ ते ६८ ते न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात होते, जिवाणूंच्या आवरणातल्या एका एन्झाइमला फॉस्फोलिपिड का लागतात यावर काम करत. स्निग्ध पदार्थांच्या जैवरसायनाशी खरी ओळख तिथली. आणि डोळ्यांना दिसलेलं वेगळंच: मांसाच्या वाट्यातली चरबी मजेत खाणारे लोक, आणि हृदयविकाराच्या रुग्णाला न्यायला येणाऱ्या अ‍ॅम्ब्युलन्स.

आता जरा रसायन. कोलेस्टेरॉल आपण खातो त्यापेक्षा शरीर स्वतः जास्त बनवतं, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. अ‍ॅसिटेटच्या दोन कार्बनच्या तुकड्यापासून सुरुवात करून सत्तावीस कार्बनचा रेणू, साधारण तीस पायऱ्यांत. ही वाट उलगडल्याबद्दल कॉन्राड ब्लॉख आणि फिओडोर लुनेन यांना १९६४चं नोबेल मिळालं. तीसपैकी वेग ठरवणारी पायरी एकच: एचएमजी-कोएपासून मेव्हॅलोनेट. ती करणारं एन्झाइम म्हणजे एचएमजी-कोए रिडक्टेज.

वाट अडवायची तर कुठे? याचं उत्तर एका फसलेल्या औषधाने आधीच देऊन ठेवलं होतं. ट्रायपॅरॅनॉल नावाचं अमेरिकी औषध शेवटची पायरी अडवत होतं. कोलेस्टेरॉल घटायचं, पण त्याच्या अलीकडचा डेस्मोस्टेरॉल साचत जायचा. मोतीबिंदू, केस गळणं, कातडीचे विकार. १९६२ साली ते मागे घ्यावं लागलं. रिडक्टेजची पायरी अगदी वरच्या अंगाला. तिथे बांध घातला तर मागे साचणारा पदार्थ पाण्यात विरघळणारा, शरीर त्याची दुसरीकडे विल्हेवाट लावू शकतं.

एप्रिल १९७१मध्ये एन्दोंनी सहकारी मासाओ कुरोदा यांच्यासोबत शोध सुरू केला. तर्क असा: बुरश्या शत्रूला मारायला नाना रसायनं सोडतात. ज्या शत्रूला जगायला स्टेरॉल (कोलेस्टेरॉलच्या कुळातला पदार्थ) लागतं त्याचा स्टेरॉलचा कारखाना बंद पाडणारंही एखादं असेल. उंदराच्या यकृताचा अर्क, किरणोत्सारी कार्बन असलेलं अ‍ॅसिटेट आणि बुरशीचं पाणी. स्टेरॉलमध्ये किरणोत्सार कमी उतरला तर मासा गळाला.

पहिला मासा विषारी निघाला. पिथियममधून सिट्रिनिन मिळालं, काम करायचं पण मूत्रपिंडं खराब करायचं. सुमारे सहा हजार नमुने चाळल्यावर, १९७३ साली, क्योतोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या पेनिसिलियम सिट्रिनममधून जे मिळालं ते एमएल-२३६बी. पुढे याचंच नाव कॉम्पॅक्टिन. रेणूचा एक भाग हुबेहूब एचएमजीसारखा, त्यामुळे एन्झाइमच्या खोबणीत तो जाऊन बसतो आणि खऱ्या पाहुण्याला जागा उरत नाही.

आणि मग उंदराला खाऊ घातलं. कोलेस्टेरॉल जागचं हललं नाही.

कुठल्याही कंपनीत इथे फाइल बंद होते. एन्दो जवळजवळ दोन वर्षं ‘का नाही’ यावर अडून राहिले. १९७६ साली प्रयोगशाळेजवळच्या बारमध्ये नोरितोशी कितानो हे सहकारी भेटले. त्यांच्याकडे अंडी देणाऱ्या कोंबड्या होत्या, त्यांचा प्रयोग संपत आला होता. एन्दोंनी हिशेब केला: रोज अंड्यात एवढं कोलेस्टेरॉल भरणारा पक्षी ते भरपूर बनवतही असणार. महिनाभर खाद्यातून कॉम्पॅक्टिन दिलं. रक्तातलं कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आलं. मग कुत्रे, मग माकडं, तिथेही उतरलं.

सगळीकडे ‘सहा हजार नमुने’ हे चिकाटीचं उदाहरण म्हणून सांगतात. सहा हजार नमुने चाळायला पगारी माणसं आणि शिस्त पुरते. मला मोठे वाटतात ते दोन निर्णय: कुठली पायरी अडवायची, आणि उंदीर ‘नाही’ म्हणाला तेव्हा त्याचं ऐकायचं की नाही.

बाकीची गोष्ट (कंपनी, कुत्रे, मर्क ही अमेरिकी औषध कंपनी) प्रतिसादांत बोलू, लेख फार लांबला.

---

तिरफळ

मस्त लेख. बाबा बारा-पंधरा वर्षं ही गोळी घेतायत, आज पहिल्यांदा कळलं की ती तांदळाच्या बुरशीतून आली. पण मुख्य प्रश्न अर्धवट सोडलात. उंदरात का नाही उतरलं? एन्झाइम तर उंदराच्याच यकृताचं होतं ना, परीक्षानळीत बंद पडलेलं?

---

कवकवेडा

@तिरफळ, बरोब्बर जागी बोट ठेवलंत. परीक्षानळीत एन्झाइम जेवढं टाकलं तेवढंच असतं. जिवंत यकृत गप्प बसत नाही. कोलेस्टेरॉल कमी पडतंय असं कळताच ते रिडक्टेजच आणखी बनवायला लागतं, उंदरात तर कित्येक पटींनी. तुम्ही दहा कामगार बांधून ठेवले तर मालक पन्नास नवे आणतो. शिवाय उंदराच्या रक्तात एलडीएल (ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते) मुळातच फार थोडं, बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये, म्हणजे ‘चांगल्या’त. उतरवायला हवं ते तिथे नव्हतंच.

---

स्निग्धांश

जैवरसायन शिकवते, म्हणून थोडी भर.

स्टॅटिन ‘कोलेस्टेरॉल बनणं थांबवतं म्हणून रक्तातलं घटतं’ हे विद्यार्थीही असंच लिहितात. गोष्ट एक वळण घेऊन जाते. यकृताच्या पेशीत कोलेस्टेरॉल कमी झालं की ती पृष्ठभागावर एलडीएलचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, वाढवते आणि रक्तातलं एलडीएल आत ओढून घेते. रक्त साफ होतं ते प्रामुख्याने या ओढून घेण्यामुळे.

हा रिसेप्टर डॅलसच्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी शोधला, तोही एन्दोंच्या शोधाच्याच सुमारास, १९७३-७४मध्ये. ते जन्मजात कोलेस्टेरॉल प्रचंड वाढलेल्या कुटुंबांचा अभ्यास करत होते. एन्दोंनी त्यांना कॉम्पॅक्टिन पाठवलं, १९७८मध्ये एकत्र निबंधही आला. १९८५चं नोबेल ब्राउन-गोल्डस्टाइनना मिळालं. एन्दोंना नाही. मात्र स्टॅटिनमुळे ज्या लाखोंचं आयुष्य वाढेल ते सगळे एन्दो आणि त्यांच्या बुरशीच्या अर्कांचे ऋणी आहेत, असं त्या दोघांनी पुढे लिहून ठेवलंय.

---

घाटमाथा

लेख आवडला, पण ‘दोन निर्णय’ हे जरा एन्दोभक्तीकडे झुकलंय. प्राण्यात उतरलं म्हणजे औषध होत नाही. ते औषध मर्कने केलं. एन्दो तर १९७८च्या शेवटी कंपनी सोडून विद्यापीठात गेले. मग श्रेय कुणाचं?

---

कवकवेडा

@घाटमाथा, श्रेय वाटून घेण्याएवढं मोठं आहे. पण क्रम बघा.

१९७७ साली सांक्योच्या विषचाचणीवाल्यांना मोठ्या मात्रा दिलेल्या उंदरांच्या यकृतात स्फटिकासारखं काहीतरी दिसलं. प्रकल्प बंद पडायच्या बेतात. त्याच वेळी ओसाका विद्यापीठाच्या रुग्णालयातले डॉक्टर आकिरा यामामोतो एन्दोंच्या संपर्कात आले. त्यांच्याकडे अठरा वर्षांची एक मुलगी होती, दोन्ही पालकांकडून कोलेस्टेरॉल प्रचंड वाढवणारं सदोष जनुक आलेली. फेब्रुवारी १९७८मध्ये तिला कॉम्पॅक्टिन सुरू केलं. मात्रा मोठी होती. कोलेस्टेरॉल थोडं उतरलं, पण स्नायू दुबळे पडू लागले, म्हणून औषध थांबवलं. नंतर बेताच्या मात्रेत इतर रुग्णांना दिलं तेव्हा सुमारे चतुर्थांशाने घट दिसली आणि तो त्रास टळला. म्हणजे स्टॅटिनचा गुण आणि स्नायूंचा ज्ञात दुष्परिणाम, दोन्ही पहिल्याच रुग्णांत समोर आले होते.

याच जोरावर कंपनीने रीतसर मानवी चाचण्या सुरू केल्या. १९८० साली पुन्हा ब्रेक: मोठ्या मात्रा दोन वर्षं दिलेल्या कुत्र्यांच्या आतड्यांत गाठींसारखे बदल. ते खरोखर कर्करोगाचे होते का यावर एन्दोंचा आक्षेप होता. कंपनीने कॉम्पॅक्टिन कायमचं बंद केलं.

आणि मर्क. मर्कने १९७६मध्ये सांक्योशी गोपनीयतेचा करार करून कॉम्पॅक्टिनचे नमुने आणि माहिती घेतली होती. मग स्वतःचा शोध १९७८च्या अखेरीस सुरू केला आणि अठराव्या नमुन्यात, अ‍ॅस्परजिलस टेरियस या बुरशीत त्यांना लोव्हास्टॅटिन मिळालं. इकडे सहा हजार, तिकडे अठरा! नशीब असतंच, पण काय शोधायचं आणि कुठल्या चाचणीने, हे आधी कुणीतरी सांगितलेलं असलं की नशीब लवकर उघडतं.

---

घाटमाथा

अठरा-सहा हजार हे भारी आहे, मान्य. तरी माझा मुद्दा उरतोच. कुत्र्यांची बातमी कानावर येताच मर्कनेही चाचण्या थांबवल्या होत्या. थांबवून ते परत उभे राहिले, गंभीर रुग्णांपासून पुन्हा सुरुवात केली, विषचाचण्या नव्याने केल्या आणि १९८७मध्ये अमेरिकेत मान्यता मिळवली. सांक्योला हे करता आलं असतं. केलं नाही. संशोधक कितीही थोर असला तरी पुढे रेटणारी संस्था लागते.

---

कवकवेडा

यावर दुमत नाही. उलट मी म्हणेन, सांक्योच्या भीतीतही वेडेपणा नव्हता. निरोगी दिसणाऱ्या माणसाला जन्मभर घ्यायला सांगायचं औषध, आणि डोळ्यांसमोर ट्रायपॅरॅनॉलचं उदाहरण. मला खटकतं ते एवढंच की बाहेरच्या डॉक्टरकडे आपलं औषध घेऊन जायची धडपड एका जैवरसायनज्ञाला करावी लागली.

---

पानशेत_एक्स्प्रेस

हे सगळं ठीक, पण स्टॅटिन म्हणजे औषध कंपन्यांचा धंदा आहे असं व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येतं. ‘कोलेस्टेरॉल हा आजारच नाही’ वगैरे. आमच्या शेजारच्या काकांनी तेवढ्यावर गोळी बंद केलीय.

---

स्निग्धांश

धंदा आहेच, अब्जावधींचा. म्हणून औषध खोटं ठरत नाही.

१९९४पर्यंत ‘आकडा उतरतो, पण माणूस वाचतो का’ हा प्रश्न रास्तच होता. त्या वर्षी स्कँडिनेव्हियात ४,४४४ हृदयरुग्णांवरची सिम्व्हास्टॅटिनची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना औषध नसलेली नुसती गोळी, पाच वर्षांहून जास्त काळ. औषधाच्या गटात एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी कमी. त्यानंतर एकदा झटका येऊन गेलेल्यांच्या बाबतीत वाद फारसा उरला नाही. झटका न आलेल्या, धोका कमी असलेल्या माणसाने घ्यावी का, इथे मात्र डॉक्टरही तोलूनमापून बोलतात आणि ते योग्यच आहे.

सगळी स्टॅटिन सारखी नसतात हेही सांगायला हवं. सेरिव्हास्टॅटिन २००१ साली स्नायू वितळण्याच्या जीवघेण्या घटनांमुळे मागे घेतलं गेलं. शेजारच्या काकांना म्हणावं, शंका असेल तर डॉक्टरांना विचारून बदला, आपल्या मनाने बंद करू नका.

---

गूळपोळी

माझ्या जावेने ऑनलाइन ‘लाल तांदळाचं’ नैसर्गिक कॅप्सूल मागवलंय, कोलेस्टेरॉलसाठी. गोळीपेक्षा बरं ना? तांदूळच तर आहे.

---

कवकवेडा

@गूळपोळी ताई, आपल्या भोरचा किंवा कोकणातला लाल तांदूळ वेगळा. हा चिनी, मोनॅस्कस बुरशी चढवून लाल केलेला. आणि गंमत अशी की ही बुरशीही एन्दोंच्याच कथेत येते. विद्यापीठात गेल्यावर १९७९मध्ये त्यांनी मोनॅस्कसमधून मोनॅकोलिन-के वेगळं काढलं आणि त्याचं पेटंट जपानात नोंदवलं. मर्कचं लोव्हास्टॅटिन आणि हे, एकच रेणू निघाले! त्यामुळे काही देशांत लोव्हास्टॅटिनचे हक्क मर्ककडे नव्हते, आणि रेणूत किंचित बदल करून केलेलं सिम्व्हास्टॅटिन पुढे आणण्यामागे हेही एक कारण होतं.

म्हणजे जाऊबाई जे ‘नैसर्गिक’ म्हणून घेतायत ते स्टॅटिनच आहे, फक्त कॅप्सूलमध्ये किती आहे याचा भरवसा नाही. वर अशा काही उत्पादनांत सिट्रिनिन सापडलेलं आहे. तेच, जे एन्दोंनी मूत्रपिंडाला घातक म्हणून बाजूला ठेवलं होतं. दुसरी स्टॅटिनची गोळी चालू असेल तर दुप्पट डोस व्हायचा. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोच.

---

गूळपोळी

बाप रे. आत्ताच फोन करते.

---

आंबवण

उभी हयात किण्वनात, म्हणजे फर्मेंटेशनच्या टाक्यांशेजारी गेली, आता निवृत्त. लेख वाचून हात शिवशिवले.

आमच्या पिढीत नमुने चाळण्याचं काम आपल्याकडेही होत होतं. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळालं, त्या जातीचं नावही पिंपरीवरून पडलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथून कल्चर आणून आम्ही कामं केलीत.

‘सहा हजार चाळायला शिस्त पुरते’ या वाक्यावर मात्र हरकत. कवकवेडा, तुम्ही कधी नमुने चाळलेत का? आज दिसलेली क्रिया पुढच्या बॅचला गायब होते. बुरशी तीच, पाणी तेच, तरी काही नाही. कुठला नमुना परत लावायचा आणि कुठला सोडायचा हे दिवसातून दहादा ठरवावं लागतं. तिथेच निम्मे लोक गळतात. मी ज्या कारखान्यात होतो तिथे तर दर तिमाहीला ‘काय सापडलं’ विचारायला वरून माणूस यायचा आणि चौथ्या तिमाहीला विभागच बंद झाला. एन्दोंना दोन वर्षं सलग चाळू दिलं, हेही सांक्योच्या खात्यावर जमा करा.

---

कवकवेडा

@आंबवण काका, दंडवत. मी जैवरसायनातला, कल्चर आयतं मिळालेला माणूस. ‘कुठला नमुना परत लावायचा’ हा तिसरा निर्णय आणि तो हजारदा घ्यावा लागतो, हे तुमच्याकडूनच कळायला हवं होतं. यावर वेगळा धागा काढा ना, टाक्यांच्या गोष्टींसकट.

---

तिरफळ

एन्दोंना यातून पैसा मिळाला का हो?

---

स्निग्धांश

स्टॅटिनच्या विक्रीतून काही नाही. मानसन्मान उशिरा आले: २००६मध्ये जपान पारितोषिक, २००८मध्ये लास्कर, २०१७मध्ये गेर्डनर. एक किस्सा छान आहे. उतारवयात त्यांचंच कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, तर डॉक्टर त्यांना म्हणाले, काळजी करू नका, माझ्याकडे यावर चांगली औषधं आहेत. समोर कोण बसलंय हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं.

---

पानशेत_एक्स्प्रेस

हा किस्सा काकांना पाठवतोय, व्हॉट्सअ‍ॅपवरच!

सांक्योचं शेवटी काय झालं? हातातलं घालवून बसले?

---

आंबवण

याचं उत्तर मी देतो, कारण ते आमच्या टाक्यांचं आहे.

कॉम्पॅक्टिन स्वतः औषध म्हणून कधीच विकलं गेलं नाही. पण ते दिलेल्या कुत्र्यांच्या लघवीत त्याचं एक रूपांतर सापडलं, एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) जास्त असलेलं. तेच प्राव्हास्टॅटिन. १९८९मध्ये सांक्योने ते जपानात आणलं आणि ते जोरात चाललं.

बनवायची रीत बघा. पहिल्या टाकीत पेनिसिलियम सिट्रिनम वाढवून कॉम्पॅक्टिन काढायचं. मग ते दुसऱ्या टाकीत स्ट्रेप्टोमायसिसच्या एका जातीला द्यायचं, आणि तो जिवाणू बरोबर त्याच जागी हायड्रॉक्सिल बसवून देतो. रसायनशाळेत ते काम करायला गेलात तर घाम फुटेल. दुसऱ्या टाकीतली अडचण अशी की कॉम्पॅक्टिन फार झालं तर जिवाणूच मरगळतो, म्हणून ते थोडं थोडं सोडत राहावं लागतं. रात्रपाळीवाल्याचं लक्ष हललं की बॅच गेली. वेगळा धागा काढायचाच झाला तर इथूनच सुरू करेन.